गोलात उभा केलेला लेफ्ट-हाफ

लालबाग, १८ जून १९५६

रामदास,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरलो नाही, लिहायचं नव्हतं. पाच महिन्यांत तुला एक ओळ टाकली नाही आणि आजही टाकली नसती. पण काल कूपरेजच्या मैदानावर जे पाहिलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास घशाखाली उतरत नाही, आणि इथे ज्यांना सांगायचं त्या सगळ्यांना सांगून झालंय.

काल आपल्या गरुड मिलची फुटबॉल टीम चार गोलांनी हरली. लीगमधली सलग तिसरी हार. कुणाकडून? त्या गोदीवाल्यांकडून, ज्यांना गेल्या साली तू कॅप्टन असताना आपण रडवून घरी पाठवलं होतं. आणि हरलो ते खेळून नव्हे रे. हरवलं आपल्याच मॅनेजरनं. तुझ्या त्या शामरावानं.

गोलात कोण उभा होता, सांगू? धोंडू! आपला धोंडू. लीगमधला पहिल्या नंबरचा लेफ्ट-हाफ. बॉल पायात आला की समोरचा माणूस मारुतीचं नाव घ्यायचा, तो धोंडू दोन खांबांमध्ये हात पसरून उभा, बुजगावण्यासारखा! लेफ्ट-हाफला कुणी गोलात उभं करतं का? मी हाफटाइमला दोरीपाशी जाऊन विचारलं. शामराव छत्री टेकवून उभा. चष्मा पुसत म्हणतो, "त्याचा पाय जरा दुखावलाय, गंगाधर." अरे, दुखावलाय तर बाहेर बसव! दुसरा गोली नाही का मिलमध्ये? यावर म्हणतो, "आहे. पण मला हाच हवाय."

मला हाच हवाय! गिरगावात माडीवर बसून टाइम ऑफिसची हजेरी लिहिणाऱ्या माणसानं आम्हा मागावरच्या साचेवाल्यांना खेळ शिकवायचा. आमच्यातले अकरा जण घाम गाळतात, आम्ही गळा फाडतो, आणि हा इस्त्रीचा सदरा घालून आमची अब्रू घालवतो.

म्हणे तो अँटॉप हिलला मेहुण्याकडे गेला होता तिथे खडकावरून घसरून पाय दुखावला. जानेवारीपासून दुखतोय. पाच महिने कुठला पाय दुखतो?

आणि तू. तू असतास तर हे झालं असतं का? सेंटर-हाफला तू असतास तर बॉल गोलापर्यंत गेलाच नसता. पण जानेवारीत ठाकूरद्वारला पोलिसांचा गोळीबार होऊन आठ दिवस होत नाहीत तोच तू ट्रंक उचललीस आणि भुसावळला मामाकडे लोकोशेडमध्ये चिकटलास. त्या दिवशी आपण तिघं बरोबर निघालो होतो, तू, मी आणि धोंडू. गर्दीत चुकामूक झाली. मुंबई महाराष्ट्राला मिळाल्याशिवाय मागे हटायचं नाही म्हणून घसा सुकवला होतास ना? मग गेलास कशाला? तू निघालास तेव्हा गॅलरीतून मी तुला जे ओरडलो ते साऱ्या चाळीनं ऐकलं. ते परत घेत नाही.

गंगाधर


लालबाग, ९ जुलै १९५६

रामदास,

तुझं कार्ड मिळालं. पाच महिन्यांनी तीन वाक्यं. 'शामरावांना राहू दे. धोंडूला खेळू दे. तू गप्प राहा.' बस! आई कशी आहे, चाळ कशी आहे, काही नाही. रेल्वेत गेल्यावर माणूस तारेच्या भाषेत बोलायला लागतो वाटतं.

गप्प राहू? मग ऐक. परवा सात झाले. सात! आणि सातही गोल डावीकडून. मी पहिल्या दोन मॅचना पाहून ठेवलं होतं ते आता सगळ्या लीगला कळलंय. धोंडू उजवीकडे झेपावतो, वाघासारखा झेपावतो. डावीकडे मात्र बॉल गेला की नुसता वळून बघतो. पाहुणा दारातून गेल्यासारखा बघतो रे. आता जो तो डावीकडेच मारतो. परवा त्यांचा एक फॉरवर्ड तर हसत होता मारताना.

रामूच्या हॉटेलात नंतर जे झालं ते तू पाहायला हवं होतंस. बाकडी कमी पडली. आमच्या साच्यांवरचा मुकादम, कोंडीराम जॉबर, टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "हा मॅनेजर राहिला तर आपण खालच्या डिव्हिजनला जातो. गेलो की टीम बंद. शेठला निमित्तच पाहिजे."

आपला फुलबॅक बुधाजी, सूतकताईच्या रिंग खात्यातला, कोपऱ्यात चहा पीत होता. त्याच्या गुडघ्याला अजून माती होती. तो म्हणाला, "टीम हरली की मॅनेजर काढायचा. कापड खपलं नाही तर शेठ काढता काय?"

सगळे हसले. मी नाही हसलो. मी म्हटलं, "बुधाजी, तू त्याच्या पुढ्यात खेळतोस. तुला दिसत नाही धोंडू हलत नाही ते?"

"दिसतं."

"मग?"

"मग मी डावीकडे जास्त धावतो." आणि कप ठेवून उठला. जाता जाता म्हणाला, "चौदा वर्षं शामराव मॅनेजर आहेत. मला पहिल्यांदा टीममध्ये घेतलं तेव्हा तुमच्या साचेखात्यातले चार जण म्हणाले होते, ह्याच्याबरोबर एका मडक्यातलं पाणी पिणार नाही. शामराव म्हणाले, मग तहानलेले खेळा. मी काय त्यांना काढायला हात वर करीन?"

पण ती जुनी गोष्ट झाली. मी आजचं बोलतोय. देव्हाऱ्यातला देव असला तरी सात गोल खाऊन कसा चालेल?

निम्मं हॉटेल 'ठेवा' म्हणत होतं, निम्मं 'काढा'. उठलो तेव्हा 'काढा'वाले जास्त होते. ते कुणामुळे झाले ते सांगायला नको. तुझं कार्ड माझ्या खिशातच होतं. गप्प राहा म्हणे.

गंगाधर


लालबाग, २३ जुलै १९५६

रामदास,

काल पोलीस टीमबरोबर मॅच होती. कूपरेजवर गिरणगाव लोटला होता. जानेवारीनंतर पहिल्यांदाच त्यांच्यासमोर आपण. कुणी घोषणा दिली नाही, शिटी मारली नाही. नुसते उभे होते सगळे, तीन-चार हजार माणूस. तसली शांतता मी मैदानावर कधी ऐकली नाही.

आणि धोंडू खेळला. काय खेळला! उजवीकडे खेळला, डावीकडे खेळला. त्यांच्या लेफ्ट-इननं पेनल्टीच्या रेषेवरून खालून मारलेला बॉल, डावीकडचा, ज्याच्याकडे तो दोन महिने नुसता बघत होता, तो त्यानं आडवा पडून बोटांनी बाहेर काढला. पडला तो उठेना. बुधाजीनं उचलला. शामराव दोरीपलीकडून ओरडत होता, "धोंडू, बाहेर ये! पुरे! बाहेर ये!" दहा जणांनी खेळायची तयारी होती त्याची. धोंडूनं मानही वळवली नाही. एक-एक बरोबरी झाली. संपल्यावर पाहिलं तर त्याच्या चड्डीची डावी बाजू लाल झाली होती. गुडघा फुटला म्हणाले.

लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. मी घेतलं नाही. मला काय कळलं ते सांगतो. त्याला येतं! सगळं येतं! डावीकडे झेपावता येतं. म्हणजे बाकी मॅचना हा माणूस मुद्दाम उभा राहतो. पोलिसांसमोर हिरो व्हायचं, आणि गोदीवाले, गिरणीवाले आले की आरामात हवा खायची. आणि शामराव त्याला पाठीशी घालतो. का घालतो? खेळाडू म्हणून लागलेल्यांना फोल्डिंगमध्ये हलकं काम मिळतं, दुपारनंतर सुट्टी मिळते. त्यासाठीच सगळं. सोंग आहे रे! सोंग!

आता सह्यांचा अर्ज निघालाय लेबर ऑफिसरकडे, क्रीडा कमिटीच्या नावानं. दोनशे बारा सह्या झाल्या. मागण्या दोनच. शामरावांना मॅनेजरपदावरून काढावं. आणि गोलकीपर धोंडू याच्या पायाची मिलच्या डॉक्टरकडून तपासणी करून खरं-खोटं एकदा बाहेर आणावं. लोकांनी फारच विचार करून लिहिलाय.

गंगाधर


लालबाग, ६ ऑगस्ट १९५६

रामदास,

तुझी तार आली. तार म्हटल्यावर आईनं रडायलाच सुरुवात केली, तुला काही झालं म्हणून. फोडली तर, 'अर्ज मागे घे कारण विचारू नको.'

तुला कुणी कळवलं अर्ज माझा आहे म्हणून? मी तर 'लोकांनी' लिहिलं होतं. ठीक आहे. लपवत नाही. मजकूर माझा, अक्षर माझं, फिरून सह्या मी घेतल्या. डॉक्टरचं कलमही माझंच. कोंडीरामच्या डोक्यात ते आलं नसतं.

पण कारण विचारू नको म्हणजे काय? मी काय तुझा नोकर? कारण असेल तर चार पानं लिही, मी वाचीन. कारण नसेल तर तिथे इंजिनाला तेल घाल. मी अर्ज मागे घेत नाही.

आणि घ्यायची वेळही गेली. शनिवारी कमिटीसमोर शामराव आला. टीमची वही आणि शिट्टी टेबलावर ठेवली. म्हणाला, "मी जातो. चर्चा नको. माझी विनंती एकच, या मोसमापुरतं धोंडूला टीममध्ये राहू द्या. गोलात नको तर राखीव ठेवा, पण नाव राहू द्या."

सगळे हसले. मीही हसलो. ज्याच्या पायी मॅनेजरकी गेली त्याचंच नाव घेतो! लेबर ऑफिसरनं अर्ज उलटापालटा केला, दुसऱ्या कलमावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा पाय कधीपासून दुखतोय म्हणालात?"

मी म्हटलं, "जानेवारीपासून, साहेब."

त्यानं ते लिहून घेतलं. वीस तारखेला डॉक्टर तपासणार आहेत. शामराव माझ्याकडे बघत होता. रागानं नव्हे. कसं ते मला सांगता येत नाही, आणि त्याचाच मला आणखी राग आला.

गंगाधर


लालबाग, २१ ऑगस्ट १९५६

रामदास,

कळलं. टपालात काही लिहीत नाही. तूही लिहू नकोस.

गंगाधर


लालबाग, १० ऑक्टोबर १९५६

रामदास,

हे पत्र बुधाजीच्या हाती देतोय. तो बायकोमुलांसह नागपूरला धम्मदीक्षेला चाललाय, त्याच्या रिंग खात्यातले सगळेच निघालेत. भुसावळच्या फलाटावर तुला भेटून देईल. वाचलंस की इंजिनाच्या भट्टीत टाक.

एकोणीस ऑगस्टला नव्या मॅनेजरची पहिली मॅच झाली. विणाई मास्तर. धोंडूचं नाव काढलेलं, गोलात नवा पोरगेलासा गोली, आपण तीन-शून्यनं जिंकलो. सहा वाजता मी पेढ्यांचा पुडा घेऊन वरच्या मजल्यावर धोंडूच्या खोलीवर गेलो. मनात होतं की सांगावं, पाय बरा कर आणि लेफ्ट-हाफला परत ये, माझ्या मनात काही नाही. मोठा दिलदार म्हणून गेलो होतो बघ.

दारात धोंडूची बायको, कमळाबाई. धोंडू घरात नव्हता. तिनं पुड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ह्यां डॉक्टराचां तुमीच लिवलास, भावजी?"

मी म्हटलं, "वहिनी, त्यात काय एवढं? पाय खरंच दुखत असेल तर डॉक्टर तसं सांगेल."

ती आत वळली, दार लोटलं आणि हळू आवाजात बोलली. एरवी ती नळावर भांडली की तळमजल्यापर्यंत ऐकू येतं. "तिगे गेल्लात तुमी ठाकूरद्वारक. तुमी धावत घराक इलात. ह्यांका रामदास भावजीन खांद्यार घेतल्यान. गोळी अजून मांडयेत आसा. उद्या डॉक्टर मांडी बघतलो आणि पोलिसांका सांगतलो. घ्या तुमचे पेढे."

मी कसा खाली आलो माहीत नाही. पुडा तिच्या उंबऱ्यावरच राहिला.

धोंडू कुठे असेल ते तिनं सांगितलं नाही, पण त्याला पाठीशी घालणारा माणूस एकच होता, तेवढं मला कळलं. गिरगावात गेलो. राजलक्ष्मीबाईंनी, शामरावांच्या बायकोनं, दार उघडलं. आतल्या खोलीत खाटेवर धोंडू उघडा पडला होता. जखम मी पाहिली. पोलिसांच्या मॅचला झेपावला तेव्हा ती आतून फुटली होती. महिना झाला तरी भरत नव्हती. राजलक्ष्मीबाई रोज कडुनिंबाच्या पाण्यानं धूत होत्या. जानेवारीतही त्यांनीच धुतली. तू त्याला उचलून जवळचं ओळखीचं दार म्हणून इथे आणलंस, गल्लीतल्या डॉक्टरनं रक्त थांबवलं, गोळी काढायला इस्पितळात न्यावं तर तिथल्या दारातच पोलीस. पाच आठवडे तो याच खोलीत होता. शामरावांनी हजेरीवर लिहिलं, अँटॉप हिलला मेहुण्याकडे, आजारी. तुझा रक्ताचा सदरा कुणीतरी पाहिला होता, चाळीत साध्या कपड्यातला माणूस दोनदा तुझी चौकशी करून गेला, म्हणून तू गेलास.

हे सगळं मला त्या दिवशी शामरावांनी सांगितलं. मी उभाच होतो. बसा म्हणाले नाहीत.

"टीममधून नाव गेलं की त्याला साचेखात्यात परत जावं लागणार," ते म्हणाले. "तिथे जायचं तर आधी डॉक्टरचा दाखला. म्हणून मी त्याला गोलात उभा केला. त्याला पळता येत नव्हतं, उभं राहता येत होतं. एक मोसम काढला असता तर जखम भरली असती, निशाणी बुजली असती. हरत होतो, मला कळत नव्हतं का?"

मी म्हटलं, "मला का सांगितलं नाहीत?"

"रामदासनं सांगितलं होतं, गंगाधरला सांगू नका."

मग त्यांचाही आवाज चढला. चौदा वर्षांत मी तो रागानं चढलेला ऐकला नव्हता. "मैदानावर सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही ओरडायचात. मला वाटायचं, ओरडू दे, या माणसाला खेळ कळतो. तो डावीकडे झेपावत नाही हे सगळ्यांत आधी तुम्ही पाहिलंत. एवढं दिसलं, आणि त्याचं तुम्ही काय केलंत? अर्ज केलात!"

धोंडू छताकडे बघत पडला होता.

आता तुला ते सांगतो जे तुला माहीत असेलच. चुकामूक झाली नव्हती. पहिली गोळी सुटली तेव्हा धोंडू माझ्या हाताला लागून होता. मी पळालो. ठाकूरद्वारपासून लालबागपर्यंत कुठेही न थांबता पळालो, खोलीचं दार लावलं आणि खाटेखाली शिरलो. आई बाहेरून हाका मारत होती, तिलाही उघडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मीच सगळ्यांना गोळीबाराच्या गोष्टी सांगायला लागलो. आठ दिवसांनी तू ट्रंक घेऊन निघालास आणि मी गॅलरीतून तुला 'पळपुट्या' म्हणून ओरडलो. तू वर बघितलंस आणि काही बोलला नाहीस. बोलला असतास तर बरं झालं असतं.

वीस तारखेला सकाळी डॉक्टरच्या आधी मी लेबर ऑफिसरच्या खोलीत गेलो. म्हटलं, अर्ज खोटा आहे. धोंडूशी माझं वैर आहे, नळावरून भांडण आहे, म्हणून सूड घ्यायला लिहिला. त्याला पटेना. तो सरळच म्हणाला, "त्या दिवशी हा माणूस ठाकूरद्वारला होता असा माझा संशय आहे. नव्हता असं कोण सांगणार?"

मी म्हटलं, "मी. तो माझ्या खोलीत होता. दार लावून आम्ही दोघं खाटेखाली होतो, साहेब. माझ्या आईला विचारा, तिला मी दार उघडलं नाही."

आईला त्यांनी खरंच विचारलं. तिनं सांगितलं, हो, दिवसभर दार उघडलं नाही. आत किती जण होते ते तिला दिसलंच नव्हतं.

गणपती तोंडावर होते, मिलमध्ये आणखी गडबड लेबर ऑफिसरलाही नको होती. त्यानं जबानी लिहून घेतली, कमिटीच्या सहा जणांना साक्षीला बोलावलं आणि त्यांच्यासमोर वाचून दाखवली. 'आम्ही दोघे भीतीने खाटेखाली लपून बसलो होतो.' कोंडीराम तोंडावर हात ठेवून हसत होता. मी सही केली. तपासणी रद्द झाली. खोट्या अर्जाबद्दल मला पंधरा दिवस घरी बसवलं आणि परत घेतलं ते बदलीवर, कुणी गैरहजर असेल तरच काम. प्रकरण मिटलं म्हणून धोंडूला त्यांनी फोल्डिंगमध्येच राहू दिलं.

संध्याकाळी साऱ्या लालबागला माहीत झालं. मला जे म्हणायचं ते म्हणू देत, ते खरंच आहे. पण ते धोंडूलाही तेच म्हणतात. ज्याच्या मांडीत गोळी आहे त्याला जिन्यात वाट देत नाहीत, म्हणतात, "खाटेखालून ये." तो ऐकतो आणि जातो. शामरावांना परत आणा म्हणून मी सभेत उठलो, तर कारण सांगता येईना. जुलैत ज्यांना मी पटवलं तेच ओरडले, "काल काढा म्हणत होतास, आज ठेवा? बस खाली, खाटेखाली बस!" मी बसलो. आठ हात वर झाले फक्त. बुधाजीचा एक होता.

टीम जिंकतेय. खालच्या डिव्हिजनला जात नाही. मी कूपरेजला गेलो नाही.

तुझ्यावर माझा राग आहे, रामदास. अजून आहे. तू मला ओळखलंस आणि सांगू नका म्हणालास. सांगितलं असतंस तर मी गप्प बसलो असतो का? माहीत नाही. पण लहानपणापासूनचा मित्र म्हणून एकदा तरी सांगून बघायचं होतंस.

हे लिहायचं खरं कारण आता. गणपतीला गावी गेलेल्या कुणीतरी धोंडूच्या गावात, नेरूरला, ही खाटेखालची गोष्ट पोचवली. परवा धोंडू माझ्या दारात आला. सात आठवड्यांत पहिल्यांदा. हातात त्याच्या बापाचं कार्ड. म्हातारा सांगतो आणि शाळेचे गुरुजी लिहितात. धोंडूला वाचता येत नाही, चाळीत सगळ्यांची पत्रं मीच वाचतो. त्यानं ते माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, "वाच."

मी आधी मनात वाचलं. त्यात होतं, 'गोळीबार झाला तेव्हा तू लपला होतास असे देवळात चार लोकांदेखत ऐकले. खरे असल्यास शिमग्याला घरी येऊ नकोस.'

बदलून वाचता आलं असतं. तब्येतीची काळजी घे, भात कापणीला आलं, काहीही. धोंडू माझ्या तोंडाकडे बघत होता. मी जसं होतं तसं वाचलं.

त्यानं कार्ड परत घेऊन खिशात ठेवलं. मग म्हणाला, "आता उत्तर लिही."

"काय लिहू?"

"ते तू सांग. लिहिता तुला येतं."

मी दौत-टाक घेऊन बसलो. मला काही लिहिता आलं नाही. खरं लिहावं तर गुरुजी ते ओटीवर चार लोकांत वाचणार, आणि चार लोकांतून ते कुठे जाईल सांगता येत नाही. खोटं तर मी आधीच लिहून दिलंय. धोंडू स्वतः जाऊन सांगेल म्हणशील, तर तो म्हणतो, बापानं लपला होतास का विचारल्यावर मांडी उघडून दाखवायला मी जाणार नाही. मी जाऊन सांगितलं तर माझ्यावर कोण विश्वास ठेवील?

उरलास तू. तू त्याला उचललं होतंस. म्हातारा तुला ओळखतो, तू दोन उन्हाळे त्याच्या घरी जेवलायस. त्याला एकट्याला विहिरीवर ने, शेतात ने, कुठेही ने, आणि तोंडानं सांग. दिवाळीची रजा मिळेल. भुसावळहून मुंबई, भाऊच्या धक्क्यावरून बोट, वेंगुर्ल्याला उतरून पुढे चालत.

लिहू नकोस, रामदास. जा.

गंगाधर